उलटे पोहरे

रस्ता पूर्वीही एकेरीच होता, पण त्या सकाळपासून त्याची दिशा उलटली होती. कोपऱ्यावर पिवळी पाटी लावलेली होती, चांगली ठसठशीत अक्षरांची. पण ज्या रस्त्याने माणूस एकोणीस वर्षं ऑफिसला जातो त्या रस्त्यावरच्या पाट्या तो वाचत नाही. त्याने सवयीने उजवीकडे पाहिलं, रस्ता रिकामा असल्याची खात्री करून घेतली आणि पाऊल खाली टाकलं. बस डावीकडून आली. अंगाला लागली नाही, नुसती खांद्यावरच्या पिशवीला घासून गेली, आणि पिशवीबरोबर तोही अर्धा गर्रकन फिरला. पुढे काही झालं नाही. ड्रायव्हरने शिवीसुद्धा दिली नाही. फुटपाथवर उभ्या असलेल्या एका बाईने दंड धरून त्याला मागे ओढलं आणि म्हणाली, “काका, बघून चाला हो.” तो म्हणाला, “मी बघितलं होतं.” बाई आपल्या वाटेने निघून गेली. तो मात्र तिथेच उभा राहिला, कारण स्वतःचं ते वाक्य त्याच्या कानात जरा जास्त वेळ राहिलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं एक वाक्य आलं, अकरा वर्षांपूर्वीचं, दादाच्या आवाजात: “तू खाली येऊन बघितलंस का?”

त्या दिवशी ऑफिसात त्याच्या हातून काम झालं नाही. त्याचं काम म्हणजे यंत्रांची ड्रॉइंग्ज तपासणं. दुसऱ्यांनी काढलेल्या रेषा, दुसऱ्यांनी टाकलेली मापं, आणि त्यांतली चूक शोधणारा हा. आता सगळं पडद्यावर दिसतं, तरी तो कागदावर छापून घ्यायचा आणि तांबड्या पेन्सिलीने एकेक मापावर खूण करत जायचा. ऑफिसात त्याचं नावच ‘तांबडी पेन्सिल’ पडलं होतं. कुणीतरी उठवून दिलं होतं की त्याला आलेली लग्नपत्रिका त्याने शुद्धलेखन तपासून परत पाठवली. ते खरं नव्हतं. तपासली होती, परत पाठवली नव्हती. लोक हसायचे आणि त्याच्या सहीशिवाय एकही कागद खाली कारखान्यात जाऊ द्यायचे नाहीत. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. बत्तीस वर्षांत आपल्या हातून चुकीचा कागद खाली गेलेला नाही, असं तो मनाशी म्हणायचा. त्या दुपारी हे वाक्य म्हणताना जीभ अडखळावी तसं झालं. समोरच्या ड्रॉइंगवर वर्तुळं होती, वर्तुळांतून जाणाऱ्या मध्यरेषा होत्या, आणि त्याला सारखी बसची ती बाजू दिसत होती, डोळ्यांच्या इतकी जवळ आलेली की तिच्यावरच्या धुळीत उमटलेली बोटंसुद्धा दिसली होती. आपण पाहिलं होतं, हे तर खोटं नाही.

दादा जाऊन आठ महिने झाले होते. तो गेल्यावर दोनेक महिन्यांनी वहिनीचा फोन आला होता. “मागच्या तळ्यावर एक पाणचक्की बसवायला घेतली होती ह्यांनी. म्हणजे दळायची नव्हे, शोभेची. चाक अर्धवट राहिलंय, भाऊजी. तुम्हाला जमेल का बघा.” तो म्हणाला होता, “बघतो.” आपल्याकडे ‘बघतो’ म्हणजे नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. वहिनीने पुन्हा विचारलं नाही. आता सहा महिन्यांनी, बस घासून गेल्याच्या चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी त्याने कपाटातून हत्यारांची जुनी पेटी काढली तेव्हा बायकोने नुसतं विचारलं, “कुठे?” “दादाकडे,” तो म्हणाला. माणूस गेल्यावरही त्याचं घर काही दिवस त्याचंच असतं. बायकोने जेवायला येणार का, तेवढं विचारून घेतलं.

दादाचं घर बसच्या शेवटच्या थांब्यावर. अकरा वर्षांत तो एकदाच इथे आला होता, दादाला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं त्या दिवशी, आणि तेव्हा गर्दीत घराकडे त्याने पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या खिडकीशी वहिनीचं शिवणयंत्र. वहिनी ऑफिसांचे पडदे शिवायची. तिच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दिवसाचे सात-आठ तास ती त्या खिडकीशीच असायची. दार उघडून ती म्हणाली, “आलात.” ‘या’ नाही म्हणाली. मग आत वळून म्हणाली, “मागे आहे सगळं.”

तळं त्याच्या कल्पनेपेक्षा मोठं निघालं. दोन खाटा जोडून ठेवाव्यात एवढं, कमरेइतकं खोल, आत जाड काळं रबर अंथरलेलं आणि कडेने दगड असे बसवलेले की रबर कुठेही दिसू नये. डाव्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीला लागून, दगडांचा उंच रचलेला ढीग. पंपाने चढवलेलं पाणी त्याच्या माथ्यावर यायचं. उजव्या टोकाला खिडकी. चाक पडवीत होतं, पडद्याच्या अस्तराचं कापड पांघरून. त्याने कापड ओढलं. तीन फूट व्यासाचं चाक. आठ-आठ तुकडे सांधून केलेली दोन लाकडी कडी, मधला तुंबा, त्यातून निघालेले आठ आरे, आणि दोन कड्यांच्या मध्ये पाणी झेलायला सोळा लाकडी कप्पे. रहाटाला असतात ते पोहरे, म्हणून दादा त्यांनाही पोहरेच म्हणायचा, असं वहिनीने सांगितलं. सांध्यांवरून त्याने अंगठा फिरवला. कुठे सांधा आहे ते डोळ्यांना कळत होतं, बोटाला कळत नव्हतं. एवढं नीट काम दादाने कागदावर एक रेघ न ओढता केलं असणार. दादा मोजमाप बोटांनी घ्यायचा. लहानपणी खिळा आणि सुतळी घेऊन अंगणात वर्तुळ कसं काढायचं हे त्यानेच शिकवलं होतं, आणि वर्तुळ पुरं झालं की खिळा उपटून ते भोक पायाने बुजवायचा, म्हणायचा, “मध्य कुठे होता ते आता कुणाला कळणार नाही.” परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ह्याच्या चारही पेन्सिलींना टोकं करून ठेवायचा तोच, पात्याने, सुईसारखी. हे सगळं त्याला अंगठा लाकडावर असताना आठवलं, आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांना चूक दिसली.

पोहरे उलटे बसवलेले होते. तो पुन्हा तळ्याकडे गेला, भिंतीकडचा ढीग पाहिला, परत आला. शंकाच नव्हती. पाणी डावीकडून येणार, चाकाच्या माथ्यावरून पुढे जाणार, उजव्या अंगाने खाली उतरणार. तर पोहऱ्यांची तोंडं उजवीकडच्या उतरत्या बाजूला आभाळाकडे हवीत. दादाने ती डाव्या बाजूला आभाळाकडे केली होती. सोळाच्या सोळा. इतकंच नाही, प्रत्येक पोहऱ्याच्या कुशीवर पेन्सिलीने एक छोटा बाण काढलेला होता, तोही उलटा. माणूस चूकसुद्धा किती मन लावून करतो, असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्याला बरं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं. लाज वाटावी असंच ते बरं वाटणं होतं. पण ते होतं. उन्हात बसल्यावर पाठीला बरं वाटावं तसं.

“पोहरे उलटे बसलेत,” तो वहिनीला म्हणाला.

“उलटे?”

“पाणी असं येणार. असं पडणार. म्हणजे चाक असं फिरणार.” त्याने हवेत हात फिरवून दाखवला.

“ते म्हणायचे, लाटा माझ्याकडे—”

“वहिनी, चाकाचं एक शास्त्र असतं.”

“चहा टाकते” म्हणून ती आत गेली, आणि लगेच यंत्राचा खडखडाट सुरू झाला.

प्रत्येक पोहऱ्याला चार पितळी स्क्रू, म्हणजे चौसष्ट. ते काढायला, पोहरे फिरवून नव्याने भोकं पाडायला आणि परत बसवायला तीन रविवार लागले. चाकावर पाणी सोडायला दादाने पन्हळ केली असणार, पण ती पडवीत कुठे सापडली नाही, तेव्हा ढिगाच्या माथ्यावरून चाकापर्यंत पाणी आणायला त्याने स्वतःच एक केली, सरळ, पुढचं तोंड मोकळं असलेली. वहिनीला विचारायचं त्याला सुचलं नाही. अशा कामात हात गुंतलेला असतो आणि डोकं रिकामं, आणि रिकाम्या डोक्यात माणूस ज्याला अकरा वर्षं दाराबाहेर उभं करतो ते सगळं येऊन बसतं. दोघे भाऊ एकाच कंपनीत होते. हा वर, ड्रॉइंग ऑफिसात. दादा खाली, कारखान्यात फोरमन. मध्ये बावीस पायऱ्या. एका मोठ्या पंपावर, तो उचलण्यासाठी बोल्टांनी बसवलेला सांगाडा निसटला आणि कंपनीच्या रंगाऱ्याची दोन बोटं त्याखाली गेली. चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तीन साहेब, पाण्याचे झाकलेले ग्लास. त्यांनी ह्याला विचारलं, “ड्रॉइंगमध्ये बोल्ट किती आहेत?” “सहा.” “अहवालाप्रमाणे बसवलेले किती होते?” “चार.” “ड्रॉइंग तपासलं कोणी?” “मी.” तिन्ही उत्तरं खरी होती. त्यांतला एक शब्दही त्याला आजपर्यंत मागे घ्यावासा वाटला नव्हता. दादाने सांगितलं की उरलेल्या दोन बोल्टांच्या जागी आडवा पाइप येतो, पाना फिरतच नाही, म्हणून त्याने खालून दोन क्लॅम्प लावले होते. साहेबांनी विचारलं, “मग ते सापडले का नाहीत?” “कोणीतरी काढले असतील.” “कोणी?” इथे दादा थांबला होता. फार नाही, दोन श्वास. मग म्हणाला होता, “माहीत नाही.” समोर बसलेल्या धाकट्या भावाला त्या दोन श्वासांत कळलं होतं की दादा खोटं बोलतोय. तो जन्मभर ओळखत असलेला चेहरा होता तो. क्लॅम्प नव्हतेच. सहाच्या जागी चार लावले, आळस केला, आता गोष्ट रचतोय. बाहेर व्हरांड्यात दादाने त्याला गाठून फक्त एवढंच विचारलं, “तू खाली येऊन बघितलंस का?” आणि तो म्हणाला, “कागदावर जे आहे ते आहे.” दादाची फोरमनकी गेली. उरलेली वर्षं त्याने कोठारात नटबोल्ट मोजून देण्यात काढली. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. जिन्यात समोर आले तर एक जण भिंतीकडे व्हायचा. लोक म्हणायचे हे भाऊ एकमेकांना पाण्यात पाहतात. तसं काही नव्हतं. दादाच्या डोळ्यांत राग कधी दिसला नाही. राग दिसता तर सोपं गेलं असतं.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी चाक आसावर चढलं, बेअरिंगमध्ये बसलं, आणि त्याने पंप सुरू केला. पाणी ढिगाच्या माथ्यावर चढलं, पन्हळीतून धावलं, चाकाच्या डोक्यावरून पलीकडे पडलं. एक पोहरा भरला, दुसरा भरला, आणि चाक फिरू लागलं, असं गुळगुळीत की जणू ते कधी थांबलेलंच नव्हतं. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. “छान,” ती म्हणाली. घरी जाताना बसमध्ये त्याला वाटलं, बस्स, झालं. भावाच्या हातून अर्धवट राहिलेलं, चुकलेलं, आपण नीट करून दिलं. याहून माणूस भावासाठी काय करतो? पण ही बेरीज काही केल्या मनात बसेना. घरी बायकोने विचारलं, “फिरलं का?” तो म्हणाला, “फिरलं,” आणि जेवताना दोनदा मीठ वाढून घेतलं.

पुढच्या रविवारी जायचं खरं तर काही कारण नव्हतं. आसाला तेल घालायचं निमित्त काढून तो गेला. मागच्या दारी पाऊल टाकताच त्याला भिंत दिसली. कुंपणाची भिंत खालपासून छातीइतकी ओली होती, तिच्या पायथ्याशी चिखल झाला होता, आणि तळ्याच्या कडेला दोन बादल्या ठेवलेल्या होत्या. तळ्यातलं पाणी वीतभर खाली गेलेलं. चाक फिरतच होतं. बुडाशी येणारा प्रत्येक पोहरा पाणी भिंतीकडे ढकलत होता, आणि दगडांवर आपटून ते बाहेर उडत होतं. दिवसभरात किती उडत असेल याचा हिशोब त्याचं डोकं आपोआप करू लागलं, आणि मग त्याची नजर बादल्यांवर परत आली. बादल्या ओल्या होत्या.

“पाणी रोज कोण भरतं?” त्याने खिडकीतून विचारलं.

“मीच. दुसरं कोण आहे?”

“तुमचे गुडघे…”

“हळूहळू करते. सकाळी चार, संध्याकाळी चार. कोरडा पडला तर पंप जळेल, असं हे म्हणायचे.”

“मला फोन का नाही केलात?”

तिने यंत्राखालून कापड पुढे सरकवलं. “तुम्ही एवढं मन लावून केलं होतंत.”

पाणी प्यायला म्हणून तो स्वयंपाकघरात शिरला. माठातून पेला भरून घेताना खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या पुदिन्यावर त्याची नजर गेली. हातभर लांब लाकडी खोक्यात लावलेला, दाट, हिरवागार. तो पेला हातात धरून ते खोकं बघत राहिला. तीन फळ्यांचं खोकं, लांबट, उथळ. एक तोंड उघडं होतं, त्याला तिने पत्र्याचा तुकडा लावून माती अडवली होती. दुसरं तोंड मात्र मुळातच फळीने बंद केलेलं, आणि तो सांधा बोटाला कळणार नाही असा. त्याने पेला खाली ठेवला आणि खोक्याखाली हात घातला. बंद तोंडाजवळ तळाला एक आडवी फट होती, पटाशीने कोरलेली, दोन बोटं रुंद, कडा घासून गोल केलेल्या. तिच्यातून ओली माती त्याच्या बोटांना लागली.

पाणी माथ्यावरून पलीकडे जाणारच नव्हतं. पन्हळीचं पुढचं तोंड दादाने बंद केलं होतं; पाणी त्या फटीतून सरळ खाली, चाकाच्या अलीकडच्या अंगावर पडणार होतं. डाव्या बाजूचे पोहरे भरणार, चाक उलटं फिरणार, आणि बुडाशी आलेला प्रत्येक पोहरा पाणी भिंतीपासून दूर, उजवीकडे, ह्या खिडकीकडे ढकलणार. एक थेंब बाहेर गेला नसता. बाण बरोबर होते. सोळाच्या सोळा. त्याला एकदम जाणवलं की आपण पहिल्या दिवशी तळ्यापाशी दोनदा जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा तेवढंच पाहिलं जेवढं आधीच माहीत होतं.

“ही दादाची पन्हळ आहे,” तो म्हणाला.

“हो. पडून होती. भोक होतं खाली, म्हटलं कुंडीला बरी.”

“पोहरे बरोबर होते, वहिनी. मी उलटे केले.”

“दिसलं मला,” ती म्हणाली. “इथून सगळं दिसतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

यंत्राचं चाक तिने हाताने थांबवलं. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, एखादी जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी ती म्हणाली, “तुम्हाला कोण सांगणार, भाऊजी?”

बाहेर चाक फिरत होतं आणि पाणी भिंतीवर आपटत होतं. तो स्टुलावर बसला. हाताची माती पुसायला हवी, एवढंच त्याला सुचत होतं, आणि तो ती पुसत नव्हता. मग तो बोलू लागला. आपण बोलायचं ठरवलंय हे त्याला बोलायला लागल्यावर कळलं. “मी तेव्हा खाली गेलो नव्हतो. बावीस पायऱ्या होत्या. चौकशी तीन दिवस चालली. कधीही जाऊन बघता आलं असतं, पाना फिरतो की नाही. मी गेलो नाही. ड्रॉइंगवर माझी सही होती. पाना फिरत नसता तर चूक माझी निघाली असती. तेव्हा मला हे असं दिसलं नव्हतं. की दिसलं होतं, ते आता सांगता येत नाही. आता ती शेडच पाडली. तिथे गाड्या लावतात.”

शिवत असलेल्या पडद्याची कड वहिनीने मुडपली, पुन्हा सरळ केली. “हे तळं खणायला रंगारी यायचे,” ती म्हणाली.

“कोण रंगारी?”

“तेच. बोटं गेलेले. दर रविवारी यायचे. आठ बोटांनी कुदळ मारायचे, ह्यांच्यापेक्षा जोरात.” तिने पडद्याची कड सोडली. “क्लॅम्प त्यांनीच काढले होते, भाऊजी. रंग द्यायला. परत लावायचे राहिले आणि त्यांच्याच हातावर आलं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, चौकशीच्या आधीच, दवाखान्यात ह्यांना बोलावून घेऊन रडले. हे म्हणाले, कुणापाशी बोलू नका. बोटं तर गेलीच, वर नोकरीही जाईल. पदरात तीन पोरं होती.”

“म्हणजे दादाला माहीत होतं.”

“माहीत होतं तर. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. घरी येऊन म्हणाले, आज एक खोटं बोललो, धाकट्याने पकडलं बहुतेक.”

पकडलं होतं. दोन श्वासांचं ते थांबणं त्याने अचूक पकडलं होतं. दादाचा चेहरा वाचण्यात त्याची चूक झाली नव्हती. फक्त खोटं कुठलं, ते त्याने चुकीचं धरलं. आणि दादाने तेव्हाही सुटायला काही मागितलं नव्हतं. रंगाऱ्याचं सांगता येत नव्हतं, साहेबांना पटवता येत नव्हतं. एक धाकटा भाऊ होता जो बावीस पायऱ्या उतरून येऊन पाना लावून बघू शकला असता. तेवढंच मागितलं होतं. तो उठला, मोरीत हात धुतले आणि बराच वेळ नळाखाली तसेच धरून ठेवले. पाण्याचा आवाज असला की माणसाचा दुसरा आवाज झाकून जातो. वहिनीने यंत्र सुरू केलं. तेही तिने त्याच्यासाठीच केलं असावं.

पोहरे पुन्हा फिरवायला चार रविवार गेले. दोनदा भोकं पडल्यामुळे लाकडात स्क्रू धरत नव्हते. काडेपेटीतल्या काड्या सरसात बुडवून तो एकेका भोकात ठोकायचा, सुकू द्यायचा, मग स्क्रू. हे दादाचंच शिकवणं. चाक एका हाताने धरून दुसऱ्याने स्क्रू पिळणं जमेना, तेव्हा वहिनीने तळ्याच्या कडेला खुर्ची आणून घेतली आणि दोन्ही हातांनी चाक धरून बसली. प्रत्येक पोहरा बसवण्याआधी तो तिला दाखवायचा. “इकडून ना?” ती बाणाकडे बघायची, पन्हळीकडे बघायची, आणि मग मान डोलवायची. पहिल्या दोन-तीन वेळा विचारताना त्याला अवघडल्यासारखं झालं, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखं. पुढे नाही. पाचव्या की सहाव्या पोहऱ्याला ती म्हणाली, “नाही. फिरवा.” त्याने पाहिलं, तर खरोखरच त्याने उलटा धरला होता. दोघेही हसले, ती मोठ्याने, आणि तो थोडा उशिरा.

एका रविवारी रंगारी आले. केस पांढरे झालेले, हडकुळे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. फोन वहिनीनेच केला असणार. त्यांनी ह्याला ओळखलं आणि दारातच थबकले. हाही हातातला स्क्रू तसाच धरून उभा राहिला. कुणी कुणाची माफी मागायची, याचा हिशोब एवढ्या वर्षांनी लागण्यासारखा नव्हता. शेवटी रंगारी म्हणाले, “चाकाला तेल पाजलंय का? नाहीतर लाकूड दोन वर्षांत कुजेल.” तो म्हणाला, “नाही पाजलं. पाजता का तुम्ही?” ते पडवीत गेले आणि ब्रश कुठे असतो ते न विचारता घेऊन आले.

पुदिना तिने एका जुन्या डब्यात हलवला. पन्हळ धुऊन जागेवर चढली. शेवटच्या रविवारी, दुपार कलल्यावर, त्याने पंप सुरू केला. पाणी पन्हळीच्या बंद तोंडावर आदळलं, मागे वळलं आणि फटीतून पडद्यासारखं सरळ खाली उतरलं. पोहरे भरले. चाक एका बाजूला झुकलं, परत आलं, आणि थांबलं. पाणी पोहऱ्यांच्या सांध्यांतून गळत होतं. कारणं त्याच्या ओठांवर आली, एकामागून एक, क्रमाने. पण वहिनीकडे पाहून त्याने विचारलं, “काय करू या?”

“भिजू दे त्याला,” ती म्हणाली. “सुकलंय किती दिवस.”

तासभर गेला. रंगारी ब्रश धूत होते, वहिनी खिडकीशी जाऊन बसली होती, तो कडेच्या दगडावर. लाकूड पाणी पिऊन फुगत गेलं, गळती बारीक होत थांबली, आणि चाक निघालं. आधी हळू, मग एका चालीत, बुडाने पाणी उचलून खिडकीकडे लोटत. एकेक लाट तळ्याच्या लांबीने गेली आणि खिडकीखालच्या दगडांना लागून मोडली. भिंत कोरडी होती. तो चाकाकडे पाहत राहिला आणि त्याला दिसलं की दर फेऱ्यात एका जागी चाक किंचित अडखळतंय. कुठला तरी एक पोहरा जड झाला असावा, काड्या आणि सरस जास्त बसलेला. एरवी कुणाच्या नजरेला पडलं नसतं.

“एका जागी थांबतंय का हो?” खिडकीतून वहिनीने विचारलं.

“हो.”

“नीट करता येईल?”

“येईल. काढावं लागेल पुन्हा.” त्याने खिडकीकडे पाहिलं. “तुम्ही सांगा.”

ती बघत राहिली. चाकाचे आठ-दहा फेरे झाले. दर फेऱ्याला ते त्या जागी क्षणभर दम खायचं आणि पुढे जायचं.

“राहू दे,” ती म्हणाली.

“राहू दे,” तोही म्हणाला, आणि हत्यारं गोळा करायला वाकला नाही. दगडावर तसाच बसून राहिला, लाटा तिच्या बाजूला जाताना पाहत.